आकाशात आधी कोण गेलं? तिलिस्म, खेचर आणि दुधाळा

माझा भाचा वसमतला नववीत शिकतो. पहिलीपासून एकाच बाकावर बसणारा त्याचा एक दोस्त आहे. दोघांचा आवडता उद्योग म्हणजे ताकदींची तुलना. सिनेमातला कोणता जादूगार कोणाला हरवेल, कोणाचं यान सर्वात वेगवान, काळ उलटा फिरवणारा मोठा की जागा बदलणारा मोठा, यावर ते गच्चीवर तासन्‌तास भांडत. त्या भांडणात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर दोस्तानं एक मजकूर टाकला. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली, शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं आणि हे ज्ञान आपल्या प्राचीन ग्रंथांतलं होतं, असा त्याचा आशय. भाच्यानं उत्तर दिलं की त्याच्याही हजार वर्षं आधी स्पेनमध्ये अब्बास इब्न फिरनास उडाला होता. इथवर ठीक होतं. पण त्या गटात काही पालकही होते. दोन दिवसांत ‘तुमचे’ आणि ‘आमचे’ सुरू झालं. पुष्पक विमान आलं, बुराक आला, मग आकाश सोडून भलतंच काही आलं. शेवटी गट बंद झाला. त्यानंतर दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसू लागले.

बहिणीचा फोन आला, “भाईजान, तुम्ही इतिहासाचं लिहिता. याला काहीतरी समजवा. जेवतसुद्धा नाही नीट.”

मी तिला म्हटलं, समजावतो. पण काय समजवायचं, यावर विचार करताना लक्षात आलं की हा वाद आमच्या मातीत नवा नाही. कोणाची सिद्धी मोठी आणि आकाशात कोण आधी गेलं, यावर आमच्या पूर्वजांनी शेकडो वर्षं गोष्टी रचल्या आहेत. मात्र त्या गोष्टींचा शेवट व्हॉट्सअॅपवरच्या भांडणासारखा होत नाही. त्या कशा संपतात, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी पुराव्याचं

दोन्ही मुलांचे दावे इतिहासाच्या कसोटीवर तपासायला हवेत. तळपदे ही खरी व्यक्ती. विमानविद्येचा त्यांना ध्यास होता, त्यांनी प्रतिकृती बनवल्या, हेही खरं. पण १८९५ च्या उड्डाणाचा ठोस समकालीन पुरावा अभ्यासकांच्या हाती लागलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला दिला जातो, त्याचा अभ्यास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता अब्बास इब्न फिरनास. नवव्या शतकातला कोर्डोव्हाचा हा हरहुन्नरी माणूस. पिसं लावून, पंख बांधून त्यानं उंचावरून झेप घेतली, थोडं अंतर तरंगला आणि उतरताना पाठ मोडून घेतली, अशी नोंद आहे. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, असंही पुढे म्हटलं आहे. पण ही तपशीलवार हकिकत लिहिणारा अल-मक्करी सतराव्या शतकातला, म्हणजे सुमारे साडेसातशे वर्षांनंतरचा. प्रयत्न झाला असण्याची शक्यता बरीच आहे, पण ‘जगातलं पहिलं विमान’ हे आपण मागाहून चिकटवलेलं बिरुद आहे.

हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, “म्हणजे मामू, दोघंही हरलो?” मला त्याचा हा प्रश्न महत्त्वाचा वाटला. पुरावा तपासल्यावर कुणीतरी हरलंच पाहिजे, असं या मुलांना कुणी शिकवलं?

नानांचं तिलिस्म

माझे नाना निजामाच्या राजवटीत शिकलेले. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. निजामाच्या काळात सरकारदरबाराची आणि शाळेची भाषा उर्दू होती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. १९४८ नंतर मराठी आली, पुढे आमची पिढी मराठी शाळेत गेली आणि नानांच्या लोखंडी पेटीतली पुस्तकं आम्हाला मुकी झाली. मला उर्दू अडखळत वाचता येतं. भाच्याला अजिबात येत नाही.

त्या पेटीत ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चा एक जीर्ण खंड होता. हिवाळ्याच्या रात्री नाना तो वाचत आणि आम्ही गोधडीत शिरून ऐकत असू. अमीर हमजाच्या दास्तानीतला हा भाग. ही दास्तान आधी तोंडी होती. दास्तानगो लोकांच्या गर्दीत ती रात्र-रात्र रंगवून सांगत. अकबर बादशहाला तिचं इतकं वेड होतं की त्यानं हमजानाम्याची सुमारे १४०० चित्रं काढवून घेतली आणि त्या कामाला पंधरा वर्षांच्या आसपास लागली. पुढे लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांनी दास्तानगोंना बसवून ही सगळी दास्तान लिहून घेतली आणि छापली. एकूण ४६ जाडजूड खंड. त्यातला ‘होशरुबा’ मुहम्मद हुसैन जाह आणि अहमद हुसैन कमर यांनी लिहिला आणि तो १८८३ ते १८९३ या काळात आला. पैगंबरांच्या चुलत्याच्या नावाभोवती रचलेली ही अद्भुत कथा एका हिंदू प्रकाशकानं छापली आणि हिंदू-मुसलमान दोघांनी वाचली. तिच्यातले अय्यार आणि तिलिस्म पुढे देवकीनंदन खत्रींनी ‘चंद्रकांता’त नेले. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर चंद्रकांता लागायची तेव्हा आमच्या गल्लीत रस्ते ओस पडत. ती नानांच्या पेटीतल्या पुस्तकाची नातेवाईक आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

होशरुबा म्हणजे जादूगारांनी रचलेलं एक स्वतंत्र विश्व. त्याला स्वतःचं आकाश, स्वतःचे चंद्र-सूर्य. त्याचे तीन भाग: जाहिर म्हणजे दिसणारा, बातिन म्हणजे लपलेला, आणि जुलमात म्हणजे अंधाराचा. मधून रक्ताची नदी वाहते. या विश्वाचा बादशहा अफरासियाब जादू. त्याच्या साहिरांना आकाशात उडता येतं, आग बरसवता येते, माणसाचा दगड करता येतो. आज ज्याला ‘फँटसी युनिव्हर्स’ म्हणतात, ते आमच्याकडे गोधडीत होतं.

आणि त्याला काटेकोर नियम होते. तिलिस्म कायमचं नसतं, त्याचं आयुष्य रचतानाच ठरलेलं असतं. ते तोडणारा माणूसही ठरलेला असतो, त्याला तिलिस्मकुशा म्हणतात. तोडण्याची रीत एका लौहवर, म्हणजे पाटीवर, लिहिलेली असते. इतक्या बलाढ्य साहिरांना जेरीस कोण आणतो? अम्र अय्यार. आम्ही मुलं त्याला ‘उमरो’ म्हणायचो. हा चोर, बहुरूपी, कंजूष आणि गप्पिष्ट माणूस. त्याला जादू येत नाही. त्याच्याकडे जंबील नावाची एक झोळी आहे, तिच्यात शहरंच्या शहरं मावतात. अंगावर घेतली की दिसेनासं करणारी घोंगडी आहे. पण ही देणगीत मिळालेली साधनं. त्याची खरी मिळकत म्हणजे अक्कल आणि वेषांतर. जादूगार आकाशातून येतो, आणि उमरो म्हातारीच्या वेषात त्याला सरबत पाजून बेशुद्ध करतो. आम्ही गोधडीत हसून लोळायचो. मला वाटतं, बादशहाच्या दरबाराबाहेर, चौकात बसून दास्तान ऐकणाऱ्या मोलमजुरी करणाऱ्या माणसाला यातच आनंद असणार. ताकदवान माणूस आकाशात उडतो आणि साधा माणूस त्याला जमिनीवरून चीत करतो.

याच दास्तानीत हमजा कोह-काफला, परी आणि देवांच्या दुनियेत, जातो. इथे देव म्हणजे राक्षस. तिथे उडत्या तख्तांवरून प्रवास होतो. हमजा जातो अठरा दिवसांसाठी आणि अडकतो अठरा वर्षं. इकडे त्याची मेहरनिगार वाट पाहत राहते. नानी हा भाग आला की उठून चूल सावरायला जायची. आकाशप्रवासाची किंमत घरी राहिलेलं माणूस मोजतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ताकदींची उतरंड

मुस्लीम परंपरेत अद्भुत शक्तींची वर्गवारी फार जुनी आहे. पैगंबराच्या हातून घडतो तो मोजिजा. वलीच्या हातून घडते ती करामत. जादूगार करतो ते सेहर. आणि वाईट माणसाला ढील म्हणून मिळालेलं सामर्थ्य, ज्यानं तो आणखी बुडतो, ते इस्तिदराज. बाहेरून पाहिलं तर चारही सारखेच दिसू शकतात. माणूस उडाला, एवढंच दिसतं. फरक त्या माणसात आणि त्याच्या हेतूत असतो.

कुरआनात सुलेमान पैगंबरांच्या दरबारातला एक प्रसंग आहे. सबाच्या राणीचं तख्त कोण आणेल, असं ते विचारतात. जिनांमधला एक बलाढ्य इफ्रीत म्हणतो, तुम्ही जागेवरून उठण्याआधी आणतो. दुसरा, ज्याच्यापाशी ग्रंथाचं ज्ञान आहे, म्हणतो की पापणी लवण्याआधी आणतो. आणि तख्त समोर असतं. अंगबळापेक्षा ज्ञानाचा वेग जास्त, असा याचा सरळ अर्थ.

मी अकरावीत विज्ञान शाखेत होतो तेव्हा याचा हिशेब मांडला होता. पापणी लवायला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो. प्रकाश तेवढ्यात एक लाख किलोमीटर जातो. येमेन ते जेरुसलेम तर दोनेक हजार किलोमीटर. म्हणजे प्रकाशाचा वेग न ओलांडता हे बसतं! मी वही घेऊन नानांकडे धावलो. त्यांनी हिशेब शांतपणे पाहिला आणि विचारलं, “तख्त आल्यावर सुलेमान काय म्हणाले, ते वाचलंस का?” मी वाचलं नव्हतं. तख्त समोर पाहून सुलेमान म्हणतात की ही माझ्या रबची कृपा आहे, मी शुक्र मानतो की नाशुक्री करतो याची ही परीक्षा आहे. नाना एवढंच म्हणाले, “तू वेग मोजलास. गोष्ट परीक्षेची होती.”

भाच्याच्या गटावर फिरणारे व्हिडिओ मी पाहिले तेव्हा ती वही आठवली. ग्रंथात विज्ञान शोधणारे दोन्हीकडचे लोक तेच करतात. ते वेग मोजतात.

पोपटात अडकलेला राजा

दखनीतलं सर्वात जुनं उपलब्ध दीर्घकाव्य म्हणजे फखरुद्दीन निजामीचं ‘कदमराव पदमराव’. काळ पंधराव्या शतकाचा पूर्वार्ध, बहमनी सुलतान अहमद शहाची राजवट, राजधानी बीदर. बीदर आम्हाला काही परकं नाही, मराठवाड्याच्या शिवेलगतचं. पाकिस्तानातले संशोधक जमील जालिबी यांनी १९७३ साली हे काव्य संपादित करून छापलं. सुरुवातीला अल्लाह-रसूलची स्तुती आहे, आणि कथेत राजा कदमराव, त्याचा नागवंशी वजीर पदमराव आणि अक्खरनाथ नावाचा जोगी आहे. आजच्या उर्दू वाचकाला त्याची भाषा जड जाते, मराठी वाचकाला त्यात ओळखीचे शब्द भेटतात.

राजाला जोग्याकडच्या विद्यांचा मोह पडतो. लोखंडाचं सोनं करण्यापासून सुरुवात होते आणि परकायाप्रवेशापर्यंत गोष्ट जाते. वजीर सावध करतो, राजा ऐकत नाही. तो आपला जीव मेलेल्या पोपटात घालून पाहतो. विद्या खरी ठरते. पण तेवढ्यात जोगी राजाच्या रिकाम्या देहात शिरतो आणि सिंहासनावर जाऊन बसतो. राजाला पंख मिळाले, उडता आलं, आणि राज्य, देह, ओळख सगळं गेलं. पुढे नाग असलेला वजीरच त्याला सोडवतो.

एका मुसलमान कवीनं नाथजोग्याची गोष्ट सुलतानाच्या राजधानीत बसून सांगितली, हे पाहून आज आपल्याला आश्चर्य वाटतं. त्याच्या श्रोत्यांना तसं वाटलं नसावं. जोगी आणि फकीर एकाच वाटेवर, एकाच झाडाखाली भेटत होते.

वाघ आणि भिंत

चांगदेवांची गोष्ट मराठी घरात प्रत्येकाला ठाऊक आहे. चौदाशे वर्षं जगलेला योगी, वाघावर बसून, हातात सापाचा आसूड घेऊन ज्ञानदेवांना भेटायला निघतो. ज्ञानदेव आणि भावंडं एका भिंतीवर बसलेली असतात. ते भिंतीलाच चालायला सांगतात.

ब्रिटिश अभ्यासक सायमन डिग्बी यांनी याच गोष्टीवर एक सुंदर निबंध लिहिला आहे. भारतातल्या अनेक सूफींबद्दल हीच कथा सांगितली जाते, हे त्यांनी दाखवलं. एक पीर वाघावर येतो, दुसरा भिंत चालवतो. तुर्कस्तानातही ती आहे. तिथे सय्यद महमूद हैराणी सिंहावर बसून सापाचा आसूड घेऊन येतात आणि हाजी बेक्ताश वली खडकावर बसून सामोरे जातात. ही गोष्ट कोणी कोणाकडून घेतली? कागदावर रेघ ओढून सांगता येत नाही. गोष्टींना पारपत्र लागत नाही.

यात एक बारकावा आहे. वाघ आणि सिंह जिवंत आहेत, त्यांना धाकानं चालवता येतं. भिंत आणि खडक निर्जीव आहेत, त्यांच्यावर धाक चालत नाही. स्पर्धा जिंकतो तो ज्याला कुठे जायची गरजच नव्हती. तो बसला होता तिथूनच निघाला.

सूफींमध्ये अबू सईद अबुल खैर यांची एक हकिकत प्रसिद्ध आहे. दहाव्या-अकराव्या शतकातले खुरासानचे हे संत. त्यांना कुणी सांगितलं, अमुक माणूस पाण्यावर चालतो. ते म्हणाले, बेडूकही चालतो. अमुक हवेत उडतो. माशीही उडते. अमुक क्षणात एका शहरातून दुसऱ्या शहरात जातो. सैतानही जातो. मग खरा माणूस कोण? जो लोकांत बसतो-उठतो, देणं-घेणं करतो, लग्न करतो आणि तरी अल्लाहला क्षणभर विसरत नाही, तो.

औंढ्याचे खेचर

आता आमच्या जिल्ह्यात येऊ. हिंगोली तालुक्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून मानलं जातं, आणि औंढा नागनाथला त्यांना गुरू भेटले, ते विसोबा खेचर. ‘ख’ म्हणजे आकाश, ‘खेचर’ म्हणजे आकाशात फिरणारा. योगशास्त्रात हा शब्द सिद्धीशी जोडलेला आहे. म्हणजे औंढ्याच्या या संताचं नावच आकाशयात्री.

पण मराठीत खेचर म्हणजे गाढव-घोड्याची संकर संतती, ओझं वाहणारं जनावर. परंपरा सांगते की विसोबा आधी ज्ञानदेवांच्या भावंडांचा छळ करायचे. मांडे भाजायला कुंभाराचं खापर मिळू दिलं नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळानं पाठ तापवली आणि मुक्ताबाईनं त्यावर मांडे भाजले. ते पाहून विसोबांना पश्चात्ताप झाला आणि ते उष्टं खायला धावले, तेव्हा त्यांना ‘खेचर’ म्हणून दूर सारलं गेलं. त्यांनी ते नाव कायमचं धारण केलं. आकाशयात्री आणि ओझ्याचं जनावर, दोन्ही एका नावात.

नामदेव औंढ्याला आले तेव्हा हे खेचर देवळात पिंडीवर पाय ठेवून झोपले होते. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, मी म्हातारा झालो, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय जिकडे फिरवले तिकडे पिंड दिसू लागली. पंढरपूरच्या विठ्ठलाशी बोलणाऱ्या, म्हणजे सिद्धी असलेल्या नामदेवांना जे उमगलं नव्हतं, ते या आडव्या पडलेल्या म्हाताऱ्यानं शिकवलं. गुरू नानकांच्या जनमसाखीत हीच गोष्ट मक्केत घडते. तिथे पाय काब्याकडे असतात, आणि पाय फिरतील तिकडे काबा फिरतो.

औंढ्याची दुसरी गोष्ट देऊळ फिरल्याची. नामदेवांना कीर्तनासाठी पुढे उभं राहू दिलं नाही, मागे जायला लावलं, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी मागच्या बाजूला आहे, तो दाखवून आजही लोक ही गोष्ट सांगतात. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि देऊळ फिरल्याचा उल्लेख त्यातही आहे. जातीवरून उठवलेल्या माणसासाठी दगड फिरला, हे त्या गोष्टीचं मर्म. औंढ्याचं देऊळ फिरलं ते कोणत्या यंत्रानं, असा प्रश्न नर्सीच्या वारकऱ्याला कधी पडला नाही.

दुधाळा

आणि याच औंढ्याच्या परिसरात दुधाळा नावाचं गाव आहे. तिथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायचं ठरलं. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, ११ मे २०२३ ला पायाभरणी झाली, आणि २०३० पर्यंत ती पुरी करायचं उद्दिष्ट आहे.

काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, आतली हवा काढून टाकलेली. एक लेसर किरण दुभागून दोन्ही नळ्यांत सोडायचा. टोकाच्या आरशांवरून तो परत येतो. आकाशातून गुरुत्वीय लहर आली तर एक नळी कणभर ताणली जाते, दुसरी आखडते. हा फरक प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढा, तो मोजायचा.

१४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या अशा दोन वेधशाळांनी पहिली लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर, दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती. सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाची, आणि मिळून झालं ६२ पट. तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींच्या रूपानं निघून गेलं. दोन्ही वेधशाळांत ३००० किलोमीटरचं अंतर, आणि लहर पोहोचायला सेकंदाच्या हजाराव्या भागांत सातचा फरक. अशा फरकांवरूनच लहर कुठून आली ते ठरवतात. त्यासाठी पृथ्वीवर दूरदूर वेधशाळा लागतात. इटली आणि जपानमध्ये त्या आहेत. दुधाळा म्हणूनच हवं आहे. ती २०१५ ची लहर वसमतमधूनही गेली होती. मी, भाचा, त्याचा दोस्त, सगळे त्या क्षणी कणभर ताणले गेलो. कुणालाच कळलं नाही.

या कामामागची माणसं गोष्टींशी जोडलेली आहेत. लायगोच्या संस्थापकांपैकी किप थॉर्न यांना २०१७ चं नोबेल मिळालं. ‘इंटरस्टेलर’ या सिनेमाचे विज्ञान सल्लागारही तेच. त्यात एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, आणि बाप परत येतो तेव्हा लेक म्हातारी झालेली असते. भाच्यानं तो सिनेमा पाहिला तेव्हा मी त्याला कोह-काफच्या अठरा दिवसांची गोष्ट सांगितली. त्याच्या दोस्तानं तेव्हा भागवतातला राजा ककुद्मी सांगितला होता. लेक रेवतीला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला, एक गाणं ऐकत थांबला आणि परत येईतो सत्तावीस चतुर्युगं उलटली. मग मी गुहेत ३०९ वर्षं झोपलेल्या असहाब-ए-कहफची गोष्ट सांगितली. त्या दिवशी तिघंही किती खुश होतो! कोणाची गोष्ट आधीची, हे कुणी विचारलं नव्हतं.

आणि लायगो-इंडियात मोठा वाटा असलेली पुण्याची आयुका ज्यांनी उभी केली, त्या जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावानं पाठवली होती. आपल्या आद्याक्षरांची उलटापालट करून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं, आणि कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मोठ्या शास्त्रज्ञाला गोष्ट सांगायची होती, आणि ती नावाच्या वजनाशिवाय तोलली जावी असं वाटत होतं. उमरो अय्यार खुश झाला असता. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले.

नारळीकरांनी कथेला कथा ठेवलं आणि सिद्धांताला सिद्धांत. दोन्हींवर त्यांचं प्रेम होतं, पण एकाचा पुरावा म्हणून दुसरं त्यांनी पुढे केलं नाही. नवं विज्ञान आलं म्हणून जुन्या गोष्टी फेकायच्या नसतात, आणि गोष्टींचा मान राखण्यासाठी त्यांना खोटं विज्ञानही बनवायचं नसतं. उडालेल्या तख्ताला इंजिन बसवलं की सुलेमानांची परीक्षा हरवते. चालत्या भिंतीला चाकं लावली की ज्ञानदेव आणि चांगदेव दोघंही हरवतात. आणि ते इंजिन माझ्या धर्माचं की तुझ्या, यावर भांडलं की दोन मुलं हरवतात.

गेल्या महिन्यात मी दोघांना गाडीत घातलं. दोस्ताच्या आईला फोन केला तर त्या म्हणाल्या, “न्या भाऊ, बरं होईल.” आधी औंढ्याला गेलो. दोस्तानं भाच्याला मागचा नंदी दाखवला. विसोबांची गोष्ट मी सांगितली. खेचर म्हणजे आकाशयात्री आणि खेचर म्हणजे ते जनावर, हे ऐकून दोघं आठ दिवसांत पहिल्यांदा एकत्र हसले. मग दुधाळ्याच्या बाजूला गेलो. तिथे पाहण्यासारखं फारसं काही नव्हतं. शेतं, ऊन, मोकळं आकाश. चार किलोमीटर म्हणजे किती, हे मी हात करून दाखवायचा प्रयत्न केला.

“मामा, हे यंत्र उडणार नाही ना?” दोस्तानं विचारलं.

“नाही. ते इथेच बसून राहणार.”

“आणि आकाश त्याच्याकडे येणार,” भाचा म्हणाला.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर पुन्हा वाद सुरू झाला. उमरोच्या जंबीलमध्ये कृष्णविवर मावेल का? भाचा म्हणत होता मावेल. दोस्त म्हणत होता, मावेल, पण मग जंबीलच आत ओढली जाईल. वसमत येईपर्यंत निकाल लागला नाही. घरी पोहोचल्यावर नानांची पेटी उघडली. पानं फार पिवळी पडली आहेत. दर रविवारी एक पान मी वाचून दाखवायचं आणि दोस्तानं ते मराठीत उतरवायचं, असं ठरलं आहे. आतापर्यंत तीन पानं झाली.